राजीनामा लेखी, मागणी मात्र तोंडी

ऐरोलीला राहणाऱ्या एका वाचक भगिनीच्या पत्राचा हा गोषवारा. त्यांचे वय बत्तीस. महापे एमआयडीसीतील सुमारे दीडशे माणसांच्या एका कंपनीत, परदेशी विमा कंपन्यांकडे आलेले दावे तपासण्याचे काम त्या २ ऑगस्ट २०२१ पासून करतात. पगार महिना चौसष्ट हजार, त्यात मूळ वेतन बत्तीस हजार. पहिल्या बाळंतपणासाठी त्यांना ५ जानेवारीपासून सव्वीस आठवड्यांची रजा मंजूर झाली असून ती ५ जुलैला संपते. २० फेब्रुवारीला मुलगी झाली आणि सध्या त्या कळव्याला माहेरी आहेत. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एचआरमधून फोन आला. अकरा जणांच्या टीममधील चार जागा कमी होत आहेत आणि त्यांत त्यांची एक आहे. ३० एप्रिलपर्यंत राजीनाम्याचा मेल केला, तर त्याच दिवशी मोकळे करून दोन महिन्यांचा पगार 'मदत' म्हणून देऊ, रिलीव्हिंग लेटरवरही डाग राहणार नाही, "नाहीतर मग टर्मिनेशन दाखवावं लागेल." लेखी काहीच आलेले नाही. यजमान म्हणतात, पैसे घे आणि वाद टाळ. सासूबाई म्हणतात, "पोर वर्षाची होईपर्यंत नाहीतरी घरीच राहायला हवं." पत्राच्या शेवटी त्या लिहितात : "इतके महिने घरी बसून पगार घेतला, आता हक्क सांगायला तोंड नाही. चौघांना काढताहेत, मग माझ्यावरच अन्याय झाला असं कसं म्हणू? माझं काम जानेवारीत घेतलेला एक मुलगा बघतो. मी परत गेले तर त्याची नोकरी जाईल, तेही मनाला पटत नाही. मी काय करावं?"

उत्तर :

तुमचे पत्र हाती आले तेव्हा मुदतीला आठ दिवस उरले होते, म्हणून 'राजीनामा पाठवू नका' एवढेच त्या दिवशी तुम्हाला कळवले होते. ते तसे का, हे इथे सविस्तर लिहीत आहे, कारण ठाणे-वाशी लोकलने रोज महापे, रबाळे, तुर्भे गाठणाऱ्या अनेकींना असाच फोन येऊ शकतो.

तुमच्या पत्रात मला सर्वांत बोलकी वाटली ती एक गोष्ट तुम्ही ओझरती सांगितली आहे : कंपनीकडून लेखी काहीही आलेले नाही. त्यांना तुमच्याकडून कागद हवा आहे, पण स्वतःचा कागद द्यायचा नाही. हा निष्काळजीपणा आहे असे मला वाटत नाही. रजेवर असलेल्या बाळंतिणीला कामावरून कमी केल्याचे पत्र कंपनीने दिले, तर ते पत्रच कंपनीविरुद्धचा पुरावा ठरते. याउलट तुम्ही 'वैयक्तिक कारणास्तव' राजीनामा दिला, की तो फोन कधी झालाच नव्हता असे होते. कागदावर उरते ती बाळंतपणानंतर आपणहून नोकरी सोडणारी एक बाई. एचआरच्या ज्या ताईंनी तुमच्याशी गोड आवाजात बोलणे केले, त्या मनाने वाईट असतील असे नाही. त्यांनाही तसे बोलायला सांगितले असेल. पण त्यांच्या आवाजाचा गोडवा कुठल्याही फायलीत लागणार नाही, तुमचा मेल मात्र लागेल.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. सहा दशके आपल्याकडे १९६१ चा प्रसूती लाभ अधिनियम होता आणि २०१७ च्या दुरुस्तीने त्यातील रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. कलमांचे क्रमांक बदलले, पण तुमच्या उपयोगाचा गाभा तसाच राहिला. स्त्री प्रसूतीच्या रजेवर असताना, किंवा ती रजेवर आहे या कारणाने, तिला कामावरून काढणे बेकायदा आहे. नोटिशीची मुदत रजेच्या काळात संपेल अशा बेताने नोटीस देणेही बेकायदा आहे. एवढेच नव्हे, तर तिच्या गैरहजेरीत तिच्या सेवाशर्ती तिला तोट्याच्या होतील अशा रीतीने बदलणेही चालत नाही. गंभीर गैरवर्तनाचा अपवाद आहे, पण त्यासाठीही लेखी आदेश लागतो, आणि तुमच्याविषयी तशी तक्रार कोणी केलेलीच नाही. तेव्हा "टर्मिनेशन दाखवावं लागेल" हे वाक्य धमकीसारखे वाटले, तरी ५ जुलैपर्यंत जे करायला कंपनीला कायद्याने मनाई आहे, तेच करण्याची ती भाषा आहे.

इथे जरा हिशेब करू. तुमच्या पत्रात कायद्यापेक्षाही हिशेबानेच मला जास्त अस्वस्थ केले. कंपनी दोन महिन्यांचा पगार 'मदत' म्हणून देऊ करते आहे. ३० एप्रिलनंतरचे दोन महिने म्हणजे मे आणि जून. हे दोन्ही महिने तुमच्या मंजूर रजेचे आहेत, त्यांचा पगार तुम्हाला कायद्यानेच मिळायचा आहे आणि वर जुलैचे पाचही दिवस मिळायचे आहेत. म्हणजे तुमचेच पैसे, तेही पाच दिवस कमी करून, उपकार म्हणून तुमच्या हातावर ठेवले जात आहेत आणि त्या बदल्यात नोकरी मागितली जात आहे. यजमानांनी 'पैसे घे' म्हटले ते काळजीपोटीच, पण त्यांना हा हिशेब एकदा कागदावर मांडून दाखवा.

दुसरा हिशेब ग्रॅच्युइटीचा, म्हणजे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचा. तुम्ही रुजू झालात २ ऑगस्ट २०२१ ला, म्हणजे येत्या १ ऑगस्टला तुमची पाच वर्षे पूर्ण होतात. प्रसूतीच्या सव्वीस आठवड्यांची रजा सलग सेवेतच धरली जाते, त्यामुळे रजेने हा हिशेब तुटत नाही. मूळ वेतन बत्तीस हजार असेल तर महिन्याचे सव्वीस दिवस धरून सेवेच्या दर वर्षामागे द्यायचे पंधरा दिवसांचे वेतन होते साधारण १८,४६१ रुपये. त्याला पाचाने गुणले की सुमारे ९२,३०० रुपये होतात. ३० एप्रिलला राजीनामा दिला तर सेवा पावणेपाच वर्षांत अडकते. चार वर्षे आणि पाचव्या वर्षाचे २४० दिवस भरले तरी ग्रॅच्युइटी द्यावी असा युक्तिवाद मद्रास उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निर्णयाच्या आधारे केला जातो आणि काही कंपन्या तो मानतातही. पण कायद्याच्या शब्दांत पाच वर्षेच आहेत, आणि आपणहून राजीनामा दिल्यावर ती रक्कम भांडून मिळवावी लागली तर ते भांडण तुमच्याच गळ्यात पडेल. तीन महिन्यांवर आलेली तारीख एचआरच्या ध्यानात नसेल असे मानायला मी तयार नाही. पण समजा नसेलही, तुमच्या ध्यानात ती असलीच पाहिजे.

तिसरा हिशेब राजीनामा आणि नोकरकपात यांतील फरकाचा. कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगाराला कपातीत कमी करायचे झाल्यास कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तितके वेतन, आणि सेवेच्या दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. सहा महिन्यांहून जास्त उरलेला भाग पूर्ण वर्ष धरतात. तुमच्या बाबतीत ही भरपाई ढोबळमानाने अडीच महिन्यांच्या वेतनाइतकी होते. राजीनामा ही कपात नव्हे, त्यामुळे तो देताच ही भरपाई शून्यावर येते. 'मी तर सीनिअर असोसिएट, मी कामगार कशी?' असा प्रश्न तुम्हाला पडेल. पदाच्या नावावर हे ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय यावर ठरते. तुम्ही दिवसभर दावे तपासत असाल, कोणाची नेमणूक, बढती वा रजा तुमच्या सहीने होत नसेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. हाताखाली माणसे असतील आणि मुख्य काम देखरेखीचे असेल, तर मात्र वकिलाला कामाचे स्वरूप नीट सांगून मत घ्यावे लागेल. प्रसूतीच्या संरक्षणाला ही अट नाही; ते व्यवस्थापक स्त्रीलाही आहे.

आता तुमच्या त्या प्रश्नाकडे येते : चौघांना काढताहेत, मग माझ्यावरच अन्याय कसा? या प्रश्नात एक गृहीत दडले आहे, की सगळ्यांना एका मापाने मोजले म्हणजे न्याय झाला. पण उरलेले तिघे या घडीला रजेवर नाहीत. ते ऑफिसात आहेत, साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बोलू शकतात, दुसऱ्या टीममध्ये जागा शोधू शकतात, मुलाखतीला जाऊ शकतात. तुम्ही दोन महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन फोनवर उत्तर देत आहात. कायद्याने या काळाला कुंपण घातले ते नेमके यासाठीच.

शिवाय 'जागा कमी झाली' या शब्दांकडेही जरा बारकाईने पाहा. कपात जागेची असते, माणसाची नसते. जागा कमी झाली म्हणजे ते काम संपले, यंत्रावर गेले, किंवा उरलेल्यांत वाटले गेले. तुम्हीच लिहिता, की तुमचे काम जानेवारीत आलेला एक मुलगा बघतो. तो मे महिन्यातही तेच काम करणार असेल, तर तुमची जागा कमी झालेली नाही. तिथे फक्त माणूस बदलला आहे. कपात करताना त्याच प्रकारच्या कामावर शेवटी आलेल्याला सामान्यतः आधी कमी करायचे, आणि तसे केले नाही तर त्याचे कारण नोंदवायचे, हा आपल्या औद्योगिक कायद्यातील जुना नियम आहे. तो नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. कपातीनंतर वर्षभरात पुन्हा भरती करायची झाली, तर कमी केलेल्यांना आधी विचारायचे, हेही त्यात आहे. तेव्हा कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न 'मला का काढता?' हा नसून 'माझे काम ३० एप्रिलनंतर कोण करणार?' हा आहे.

इथे मला तुम्हाला एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. कायदा जन्मभराची हमी देत नाही. खरोखरच तुमचे काम परदेशातील ग्राहकाने काढून घेतले असेल, तर तुम्ही ६ जुलैला रुजू झाल्यावर कंपनी रीतसर नोटीस व भरपाई देऊन तुम्हाला कमी करू शकते, आणि ते कारण अस्सल असेल तर प्रसूतीचा कायदा तिथे फारसा आडवा येत नाही. रजेच्या काळात दिलेली नोटीस जर रजेनंतर संपत असेल, तर ती केवळ तारखेच्या मुद्द्यावर बेकायदा ठरत नाही. मग खरे कारण काय, यावर भांडावे लागते. म्हणून 'कायदा माझ्या बाजूने आहे' एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. तुम्हाला आज मिळू शकते ते एवढेच : रजेचा पूर्ण पगार, ५ जुलैपर्यंतची सुरक्षितता, १ ऑगस्टकडे चालत जाण्याची संधी, आणि जायचेच झाले तर योग्य भरपाईनिशी जाणे. ते थोडे नाही.

'घरी बसून पगार घेतला' हे तुमचे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. ओल्या बाळंतिणीने घरी बसणे म्हणजे काय असते, हे तुमच्या आईला विचारा. पण भावनेचा भाग सोडून देऊ. हा पगार कंपनीची मेहेरबानी नाही आणि तुमची उसनवारीही नाही. मुंबई प्रांतात यावर जवळपास शंभर वर्षांपूर्वी वाद झाला होता. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना मांडले होते, की बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार बव्हंशी सरकारनेच उचलायला हवा. मात्र जो मालक स्त्रियांच्या श्रमातून नफा कमावतो, त्यालाही या जबाबदारीतून सुटता येणार नाही. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. त्यांच्या म्हणण्यातील पहिला भाग आपण अजून पुरा केलेला नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत न येणाऱ्या नोकऱ्यांत सव्वीस आठवड्यांचा सगळा खर्च आजही मालकच करतो, आणि अशा फोनची मुळे बऱ्याच अंशी तिथे आहेत असे मला वाटते. हा धोरणातला दोष आहे, आणि त्याबद्दल कंपन्यांची तक्रार पूर्णपणे खोटी नाही. पण त्या दोषाची वसुली तुमच्या राजीनाम्यातून व्हावी, हे मात्र मान्य करता येणार नाही.

न्यायालयांनीही या बाबतीत कायद्याचा अर्थ संकुचित ठेवलेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीतील एका डॉक्टरचे प्रकरण आले. तिचा करार संपायला अकरा दिवस उरले असताना तिची रजा सुरू झाली होती, म्हणून तिला अकरा दिवसांचाच लाभ देण्यात आला. करार संपला तरी प्रसूतीचा लाभ पूर्ण काळाचा द्यावा लागेल, असे न्यायालयाने सांगितले. करारावर काम करणाऱ्या वाचकांनी हे लक्षात ठेवावे, कारण 'तुझा करार संपतोय ना, मग रजाही संपली' हे वाक्य ठाण्या-नवी मुंबईत पुष्कळदा ऐकू येते.

प्रत्यक्षात काय करायचे ते आता सांगते. मुदतीची वाट न पाहता एचआरला एक मेल पाठवा, आणि त्याची प्रत तुमच्या खासगी मेलवर ठेवा. भाषा भांडखोर नको, पण एकही वाक्य क्षमायाचनेचे नको. आशय असा असू द्या : "अमुक तारखेला, अमुक वाजता आपला फोन आला. माझी जागा कमी होत असल्याने ३० एप्रिलपर्यंत राजीनामा द्यावा, असे त्यात मला सांगण्यात आले. मी ५ जानेवारी ते ५ जुलै या काळात मंजूर प्रसूती रजेवर आहे. राजीनामा देण्याची माझी इच्छा नाही आणि ६ जुलैला मी कामावर रुजू होणार आहे. जागा कमी करण्याविषयी काही निर्णय झाला असल्यास तो, त्याची कारणे आणि माझे सध्याचे काम कोणाकडे राहणार आहे ही माहिती कृपया लेखी कळवावी." एवढे पुरे. या मेलने त्या तोंडी फोनला तारीख आणि वेळ मिळते. पुढे त्यांचा पुन्हा फोन आला तर नम्रपणे ऐकून घ्या, आणि तासाभरात 'आपले असे बोलणे झाले' अशी दोन ओळींची नोंद पुन्हा मेलने पाठवा. आपण फोनवर फार बोलून बसतो आणि ऐकले काय ते विसरतो, हा सगळ्यांचाच अनुभव.

कागद आजच गोळा करा. नेमणूकपत्र, गेल्या वर्षभराच्या पगारपावत्या, रजामंजुरीचा मेल, कामाच्या मूल्यमापनाचे शेरे, बाळाच्या जन्माचा दाखला. कंपनीचा लॅपटॉप किंवा मेल एका रात्रीत बंद होऊ शकतो. मात्र ग्राहकांची माहिती, दाव्यांची कागदपत्रे यांतले काहीही स्वतःकडे पाठवू नका. गोपनीयतेच्या भंगाचे निमित्त मिळाले, तर तुमच्याविरुद्ध गैरवर्तनाचे प्रकरण उभे करणे सोपे होईल.

आणि समजा, या मेलनंतरही त्यांनी रजेतच काढल्याचे पत्र पाठवले, तर? घाबरून जाऊ नका; ते पत्र जपून ठेवा आणि मिळाल्याची तारीख त्यावर लिहा. त्या तारखेपासून साठ दिवसांच्या आत कामगार विभागातील सक्षम अधिकाऱ्याकडे अपील करता येते, आणि लाभाची रक्कम अडवली असेल तर विभागाच्या निरीक्षकाकडे तक्रारही करता येते. वाटाघाटी चालू आहेत, साहेब शब्द देताहेत, म्हणून हे साठ दिवस वाहून जाऊ देऊ नका. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात येते, त्यामुळे तुमच्या कंपनीसाठी ठाण्याचे कामगार उपायुक्त कार्यालय गाठायचे. खारघर, कळंबोली, पनवेलकडच्या वाचकांनी लक्षात ठेवावे, की त्यांचा जिल्हा रायगड आहे. तक्रार चुकीच्या दारी गेली की तेवढेच दिवस जातात. वकिलाच्या फीची चिंता असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते आणि तिला उत्पन्नाची अट नाही. त्यांची हेल्पलाइन १५१०० आहे.

आता यजमानांचा मुद्दा. वाद नको, हे म्हणणे मी मुळीच हसण्यावारी नेत नाही. रात्री तीनदा उठणाऱ्या घरात कोर्टकचेरीची ताकद कुठून आणायची? पण वरचा मेल म्हणजे वाद नव्हे. कित्येकदा असा एक शांत मेल गेल्यावर कंपनीचा कायदा सल्लागारच एचआरला आवर घालतो. त्यानंतर कंपनी बोलणी करायला आली आणि तुम्हालाही तिथे मन रमणार नाही असे वाटू लागले, तर बोलणी जरूर करा. मग मात्र तुम्ही त्यांच्यापुढे काय मांडायचे ते सांगते. प्रसूती रजेचा पूर्ण पगार हा बोलण्यांचा विषयच नाही, तो बाजूला ठेवा. शेवटचा दिवस १ ऑगस्टनंतरचा मागा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा प्रश्न मिटेल. कपातीत जी भरपाई मिळाली असती, ती किमान रक्कम धरून त्यावर बोला. उरलेल्या रजेचे पैसे धरा. पत्रात 'स्वेच्छेने' किंवा 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द नकोत, 'पद कमी झाल्यामुळे' हे असू द्या. आणि या सगळ्यावर त्यांची सही आधी, तुमची नंतर.

डागाविषयी दोन शब्द. पद कमी झाल्यामुळे नोकरी गेली, हे पत्रात लिहिलेले असणे आज कुठल्याच नव्या कंपनीला विचित्र वाटत नाही. उलट बाळंतपणाच्या रजेतच दिलेला राजीनामा पाहून मुलाखत घेणारा मनातल्या मनात काय म्हणेल, याचा विचार करा. तो म्हणेल, हिने मुलासाठी नोकरी सोडली, उद्या पुन्हा सोडेल. ज्याला तुम्ही स्वच्छ कागद समजता, तोही काहीतरी सांगतोच.

सासूबाईंच्या म्हणण्यात मुलीची काळजी आहे, त्यामुळे त्यांना तोडून बोलू नका. पण 'मूल वर्षाचे होईपर्यंत घरी राहावे का' आणि 'कंपनी म्हणते म्हणून आता राजीनामा द्यावा का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि तुमच्या घरात ते एकात एक मिसळले आहेत. पहिल्याचे उत्तर तुम्ही दोघांनी जुलैत, ऑगस्टात, कधीही सावकाश ठरवा. रुजू झाल्यावर घरून काम करण्याची सोय मागता येते; कामाचे स्वरूप तसे असेल आणि दोन्ही बाजूंना मान्य असेल तर कायद्यातही तिला जागा आहे. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा अंगावर पाजण्यासाठी जादा सुटी मिळते, आणि तुमच्या कंपनीत पन्नासहून अधिक माणसे असल्याने पाळणाघराची सोय करणे तिच्यावर बंधनकारक आहे. महापेच्या तुमच्या इमारतीत ते आहे का, हे त्याच मेलमध्ये नको, पण जूनमध्ये अवश्य विचारा.

इतर वाचकांसाठी थोडे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ऐंशी दिवस काम झाले असेल तर लाभ मिळतो. प्रोबेशनवर आहे म्हणून तो नाकारता येत नाही. दुकाने व कार्यालयांना हा कायदा दहा किंवा अधिक माणसे असली की लागू होतो. दोन मुले हयात असतील तर रजा बारा आठवड्यांची. रजा सुरू होण्यापूर्वी, गरोदरपणातच काढले, तरी प्रसूतीचा लाभ बुडत नाही. ज्यांचा पगार एकवीस हजारांपर्यंत आहे आणि पावतीवर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, वजावट दिसते, त्यांना लाभाची रक्कम महामंडळाकडून मिळते, त्यामुळे त्यांनी मालकाच्या तोंडाकडे न पाहता आपल्या ईएसआय शाखेत जावे. आणि ज्यांनी घाबरून राजीनामा पाठवून दिला आहे, त्यांनी कंपनीने तो स्वीकारून मोकळे करण्याआधी, शक्यतो त्याच दिवशी, 'फोनवरील दबावामुळे दिलेला राजीनामा मी मागे घेत आहे' असे लेखी कळवावे. उशीर झाला की हा मार्ग अरुंद होत जातो.

एक बारीक गोष्ट राहिली. कंपनीच्या गट आरोग्य विम्यात लेकीचे नाव घातले आहे का? नसेल तर आजच घाला. जन्मानंतर ठरावीक दिवसांत कळवावे लागते आणि बाळंतपणाच्या धांदलीत ते हमखास राहून जाते. नोकरी सुटायचीच झाली, तर शेवटच्या दिवसाआधी त्याच विमा कंपनीकडे व्यक्तिगत पॉलिसीत जाण्याचा अर्ज करता येतो. लहान मूल असलेल्या घरात एक महिनाही विम्यावाचून जाऊ नये.

त्या मुलाबद्दल तुम्हाला वाटणारी रुखरुख मला समजते, आणि ती तुमच्या चांगुलपणाची आहे. पण त्याला घेतले ते तुम्ही रजेवर जाणार हे माहीत असताना. त्याला काय सांगून घेतले, तुमच्या परतीनंतर त्याचे काय करायचे, हे ठरवणे कंपनीचे काम होते आणि आहे. तुम्ही राजीनामा दिलात तरी त्याची नोकरी पक्की होईल, असे कोणी तुम्हाला लिहून दिलेले नाही. अकरातल्या चार जागा जाताहेत म्हटल्यावर पुढचा फोन त्यालाच येऊ शकतो. ६ जुलैला भेटाल तेव्हा त्याच्याशी मोकळेपणाने बोला, कामाची सूत्रे नीट हातात घ्या, आणि टीममध्ये दुसरी जागा मोकळी असेल तर त्याचे नाव सुचवा.